मास्तरांची खोटी साक्ष

दहावीच्या परीक्षेचा हंगाम आला की 'कॉपी' हा शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. खिडकीला लटकलेले भाऊ आणि काका, कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली पोरे, गाईडची फाडलेली पाने, भरारी पथकाची गाडी ही छायाचित्रे दरवर्षी जवळजवळ तीच असतात. या चित्रात एक माणूस मात्र सहसा दिसत नाही. तो वर्गाच्या आत असतो, त्याच्या छातीवर पर्यवेक्षकाचा बिल्ला असतो आणि तो खिडकीकडे पाठ करून उभा असतो. कधी ही पाठ फिरवणे एवढेच त्याचे साहाय्य असते. कधी तो याहून पुढे जातो. विद्यार्थ्याच्या कॉपीविषयी आपल्याकडे उदंड लिहिले गेले आहे. शिक्षकाने केलेल्या कॉपीलाही स्वतःचा इतिहास आहे, याची जाणीव मात्र फारशी आढळत नाही. तो इतिहास दीडशे वर्षांहून अधिक काळाचा आहे. त्यात इंग्लंडचा एक मंत्री येतो, एक मोठा कवी येतो, आयर्लंडमधील खेड्यांतले कॅथलिक शाळामास्तर येतात, मुंबई इलाख्यातला डिपोटी येतो, महात्मा फुले येतात आणि आपल्या मिशन शाळाही येतात. म्हणून तो या पानांवर मांडावा असे आम्हांला वाटले.

आरंभ आपल्या घरापासूनच करावा. येशूसंघाने आपल्या विद्यालयांसाठी तयार केलेली अभ्याससंहिता, 'रातिओ स्तुदियोरुम', १५९९ साली क्लाउदियो आक्वाविवा हे संघाचे महाधिपती असताना अंतिम स्वरूपात जाहीर झाली. युरोपातील शिक्षणाच्या इतिहासात तिचे स्थान फार मोठे आहे. पण इथे आपल्याला तिचे एकच छोटे प्रकरण हवे आहे, ते लेखी परीक्षेच्या नियमांचे. मुलांनी लिहिण्याचे सर्व साहित्य बरोबर आणावे, म्हणजे ऐन वेळी कोणाकडे मागण्याचा प्रसंग येऊ नये. जवळजवळ बसणाऱ्यांनी एकमेकांचे उतरवून काढू नये. दोन निबंध अगदी सारखे आढळले तर दोन्ही संशयास्पद मानावेत, कारण कोणी कोणाचे चोरले हे कळण्यास मार्ग नसतो. हे नियम वाचताना आम्हांला हसू येते, कारण ते लिहिणाऱ्यांनी वर्गात पुष्कळ वर्षे काढली होती हे ओळीओळीतून दिसते.

परंतु खरा मर्मभेदी नियम वेगळाच आहे. वरच्या वर्गात चढवण्यासाठी मुलांना तपासायचे ते तीन परीक्षकांनी. त्यांपैकी एक बहुधा विद्यालयाचा प्रीफेक्ट. उरलेले दोघे विद्वान असावेत, आणि शक्य असल्यास ते शिकवणारे शिक्षक नसावेत. वर्गशिक्षकाने आपल्या मुलांची यादी आणि त्यांच्याविषयीचे मत प्रीफेक्टकडे द्यावे, एवढाच त्याचा वाटा. म्हणजे शिकवणारा एक आणि पारखणारा दुसरा. शिक्षक अप्रामाणिक असतो असा त्यात आरोप नव्हता. आपल्या मुलाला तोलताना बापाचा हात थरथरतो, एवढेच त्यात गृहीत धरलेले होते. शिवाय या विद्यालयांत शुल्क घ्यायचे नाही असे धोरण होते आणि शिकवणारे व्रतस्थ होते. मुले उत्तीर्ण झाली म्हणून त्यांच्या ताटात एक घास अधिक पडत नव्हता, आणि नापास झाली म्हणून कमीही होत नव्हता.

तो घास मोजून वाढण्याची पद्धत सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात.

ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली शाळांच्या इमारतींसाठी प्रथमच २०,००० पौंडांची मदत मंजूर केली. पुढे ही मदत वाढत गेली. १८४७ पासून कॅथलिक शाळांनाही ती मिळू लागली. त्याच वर्षी त्यासाठी 'कॅथलिक गरीब शाळा समिती' स्थापन झाली होती. आयर्लंडमधल्या दुष्काळातून जगण्यासाठी लिव्हरपूल, मँचेस्टर आणि लंडन येथे आलेल्या मजुरांची मुले या शाळांत शिकत होती, आणि एकेक शिलिंग त्यांना मोलाचा होता. १८६० च्या सुमारास सरकारी मदतीचा आकडा आठ लाख पौंडांच्या घरात गेला. नुकतेच क्रिमियाचे युद्ध होऊन गेले होते, तिजोरीवर ताण होता, आणि इतका पैसा खर्चून गरिबांची मुले नक्की काय शिकतात, असा प्रश्न पार्लमेंटमध्ये विचारला जाऊ लागला. ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८६१ साली दिलेल्या अहवालात, पुष्कळ मुलांना वाचन, लेखन आणि अंकगणित ही साधी अंगेही पक्की येत नाहीत, असे म्हटले. प्रश्न रास्त होता, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. जनतेच्या पैशाचा हिशेब मागणे हा काही गुन्हा नव्हे.

त्या प्रश्नाला उत्तर दिले ते रॉबर्ट लो या मंत्र्याने. बुद्धीने तल्लख, वादात निर्दय आणि मुक्त व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता असा हा गृहस्थ शिक्षण खात्याचा कारभार पाहत होता. नवी पद्धत स्वस्त नसेल तर परिणामकारक असेल, आणि परिणामकारक नसेल तर निदान स्वस्त तरी असेल, असा हिशेब त्याने पार्लमेंटपुढे मांडला. १८६२ ची 'सुधारित संहिता' ती हीच. तिचे गणित असे होते : मुलांच्या सरासरी हजेरीवर डोईमागे ४ शिलिंग. ज्या मुलाची हजेरी दोनशेहून अधिक, त्याच्यामागे आणखी ८ शिलिंग. पण इन्स्पेक्टरच्या परीक्षेत ते मूल वाचनात नापास झाले तर त्यांतले २ शिलिंग ८ पेन्स वजा, लेखनात नापास झाले तर तितकेच वजा, अंकगणितात झाले तर तितकेच. तिन्हींत नापास, तर आठच्या आठ शिलिंग गेले. याला नाव पडले 'निकालानुसार मोबदला'.

पैसा शिक्षकाच्या हाती येत नसे. तो शाळेच्या व्यवस्थापकांकडे जाई. परंतु पुष्कळ व्यवस्थापकांनी मास्तरशी करार केला की तुमच्या पगाराचा अमुक हिस्सा या अनुदानातून. झाले! ज्या दिवशी इन्स्पेक्टर यायचा, त्या दिवशी मास्तरच्या घरातला वर्षाचा कोळसा आणि पाव साठ-सत्तर पोरांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसू लागला.

त्या दिवसांची वर्णने वाचली की अंगावर काटा येतो. ताप आलेली मुलेही घोंगड्यांत गुंडाळून शाळेत आणली जात, कारण गैरहजर मूल म्हणजे बुडालेले शिलिंग. वर्षभर एकच वाचनपुस्तक शिकवायचे आणि तेच परीक्षेत विचारायचे, अशी रीत असल्याने मुले ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत पाठ करीत. पुस्तक उलटे धरूनही घडाघडा 'वाचणाऱ्या' मुलाची गोष्ट इन्स्पेक्टर मंडळी एकमेकांना सांगत असत. वॉरिकशरमधील टायसो या खेड्याविषयी एम. के. ॲशबी यांनी आपल्या वडिलांच्या चरित्रात जे लिहून ठेवले आहे त्यात मास्तरची ती घालमेल फार जिवंत उतरली आहे. हुशार पोरगा एखाद्या शब्दावर अडला की मास्तर चरफडताना मुलांना दिसे. आणि एका वर्षी तर वर्गातली भीती इतकी दाटली की खालच्या इयत्तांची मुले इन्स्पेक्टरपुढे जाताच एकामागून एक रडू लागली.

अशा खोलीत एखाद्या मास्तरने खोकून खूण केली नसेल, ओठ हलवून शब्द सुचवला नसेल, हे कोणाला खरे वाटेल? हजेरीवर ४ शिलिंग होते, म्हणून हजेरीपटावर न आलेली मुले आली. निकालावर ८ शिलिंग होते, म्हणून निकालही आला. या उतरंडीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. वर्षभर घोकंपट्टी करवून घेणे हा गुन्हा नव्हता. उलट संहितेचे ते फळच होते. घोकंपट्टीच्या शेजारी खूण उभी होती, आणि खुणेच्या शेजारी खोटी नोंद. एका पायरीवरून दुसरीवर पाय पडताना फारसा आवाज होत नाही.

हे सर्व ज्याने जवळून पाहिले तो कवी म्हणजे मॅथ्यू आर्नल्ड. १८५१ पासून १८८६ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, त्याने शाळा-इन्स्पेक्टरची नोकरी केली. संहिता येत असतानाच, सरकारी नोकरीत राहून, त्याने तिच्याविरुद्ध जाहीर लेख लिहिला; ही त्याची हिंमत. पुढच्या वार्षिक अहवालांतून तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला की शाळांतला प्राण गेला आहे, शिकवणे यंत्रवत झाले आहे, आणि मुलांना खरोखर वाचता, लिहिता, हिशेब करता येत नसतानाही वाचन, लेखन आणि हिशेब यांच्या परीक्षेत उत्तीर्ण करून दाखवण्याची कला शिक्षकांनी साध्य केली आहे. आर्नल्डने मास्तरांना चोर म्हटले नाही. त्यांना ज्या खेळात उतरवले होते त्या खेळाचे नियम त्यांनी शिकून घेतले, एवढेच तो म्हणत होता.

आणि लोचे काय झाले? १८६४ च्या एप्रिलमध्ये पार्लमेंटमध्ये त्याच्यावर आरोप झाला की, इन्स्पेक्टरांच्या अहवालांतला गैरसोयीचा मजकूर त्याच्या खात्याने कापून मगच अहवाल सभागृहापुढे ठेवले. ठराव मंजूर झाला आणि लोने राजीनामा दिला. नंतरच्या चौकशी समितीने त्याला दोषमुक्त केले, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. तरीही खेड्यातल्या मास्तरने पोराच्या पाटीवरचा आकडा पुसावा आणि लंडनमधल्या खात्यावर अहवालातल्या ओळी पुसल्याचा आरोप यावा, हा योगायोग इतिहासाने फार मिश्किलपणे जुळवून आणला आहे.

इंग्लंडमध्ये ही पद्धत १८९० पासून मोडीत निघू लागली आणि शतक संपण्याच्या आत संपली. आयर्लंडमध्ये मात्र ती १८७२ साली, म्हणजे आर्नल्डचे इशारे छापून झाल्यावर, सुरू करण्यात आली आणि १९०० पर्यंत चालली. तेथील राष्ट्रीय शाळांचे व्यवस्थापक बहुधा धर्मग्रामाचे धर्मगुरूच असत. म्हणजे रविवारी ज्याच्या कानात मास्तर आपली पापे सांगत असे, सोमवारी त्याच्याच टेबलावर तो निकालाचा तक्ता ठेवीत असे. या एका गोष्टीवर कोणीतरी आयरिश लेखकाने कथा लिहिली असल्यास ती वाचायला आम्हांला आवडेल.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. चार्ल्स वुड यांचा १८५४ चा खलिता हा भारतातील अनुदानपद्धतीचा पाया. खासगी संस्थांनी, म्हणजे प्रामुख्याने मिशनांनी, शाळा चालवाव्यात आणि सरकारने त्यांना मदत द्यावी, असे ठरले. मदत कशी द्यायची हे मात्र प्रत्येक इलाख्याने आपापले ठरवले. मद्रासने शिक्षकांच्या पगाराला मदत देण्याचा मार्ग धरला आणि त्याच्या जोडीला निकालाचाही ठेवला. मुंबई इलाख्याने १८६० च्या दशकात निकालानुसार मोबदल्याचाच रस्ता निवडला. लंडनमध्ये शिवलेला अंगरखा मुंबईच्या अंगावर चढवला गेला. येशूसंघाच्या जर्मन धर्मगुरूंनी मुंबईत उभारलेल्या शाळांपासून कोकण-गुजरातेतल्या निरनिराळ्या पंथांच्या मिशन शाळांपर्यंत, मदत घेणाऱ्या सर्वांनाच या मापात उतरावे लागले. ज्या शाळेत सुखवस्तू घरांतली मुले, तिचा निकाल चांगला. म्हणून तिला मदत जास्त. ज्या शाळेत कोळी, आगरी, वारली किंवा दुष्काळात अनाथ झालेली मुले, तिचा निकाल पडेल. म्हणून तिला मदत कमी. ज्याला भूक अधिक त्याला वाढायचे कमी, असा हा न्याय होता.

या व्यवस्थेने मराठी भाषेला एक व्यक्तिरेखा दिली : डिपोटी. तपासणीस येणारा हा डेप्युटी इन्स्पेक्टर पुढे मराठी ग्रामीण कथेत अनेकांनी रंगवला. शाळा सारवली जाते, तोरणे लागतात, हुशार पोरे पहिल्या रांगेत बसतात, ढ पोरांना त्या दिवशी गुरे वळायला पाठवले जाते, आणि कोणत्या मुलाला काय विचारायचे हे साहेबांच्या जेवणातच ठरून जाते. वाचक हसतो. पण त्या दिवशी गुरे वळायला पाठवलेल्या मुलाच्या बाजूने ती कथा कोणी सहसा सांगितली नाही.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे आलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांचे १९ ऑक्टोबर १८८२ चे निवेदन सर्वांत महत्त्वाचे. सरकार उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर उधळते आणि शेतकऱ्यांच्या करावर चालणाऱ्या या राज्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी प्राथमिक शाळा नाहीत, हा त्यांचा घणाघात सर्वश्रुत आहे. त्याच निवेदनात ते मास्तरांच्या पगाराविषयी बोलतात. शिकलेल्या शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये द्यावेत, मोठ्या गावी १५ ते २०. आणि त्यांनी हेही सुचवले आहे की खेड्यांच्या शाळांतील जे मास्तर अधिक मुले उत्तीर्ण करतील त्यांना, उत्तेजन म्हणून, पगाराव्यतिरिक्त काही खास भत्ता द्यावा.

म्हणजे जोतीरावांनाही निकालाच्या बक्षिसाचा मोह पडला असे म्हणायचे काय? आम्हांला तसे वाटत नाही. 'पगाराव्यतिरिक्त' या शब्दावर सगळे आहे. लोच्या संहितेत निकाल हा पगार होता. जोतीरावांच्या सूचनेत पगार आधी पक्का होता आणि निकाल ही वरची साखर. उपाशी माणसापुढे टांगलेली भाकरी आणि जेवलेल्या माणसापुढे ठेवलेला लाडू यांत फरक आहे. अर्थात लाडवासाठीही माणसे लबाडी करतात, हे पुढे येणाऱ्या अमेरिकेच्या हकिकतीवरून दिसेल. तेव्हा जोतीरावांची सूचना अगदी निर्धोक होती असाही आमचा दावा नाही.

हंटर आयोगाने महाविद्यालयांना ही पद्धत लावू नये असे सांगितले, प्राथमिक शाळांची मदत मात्र बव्हंशी परीक्षेच्या निकालावरच ठरवावी अशी शिफारस केली. मोठ्यांच्या शिक्षणाला जे मापन अपमानास्पद, तेच लहानांच्या शिक्षणाला योग्य ठरले! पुढे लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानंतर ही पद्धत भारतातून मागे घेण्यात आली.

ती गेली असे सर्वांना वाटले. शंभर वर्षांनी ती अटलांटिकच्या पलीकडे नव्या कपड्यांत उभी राहिली.

८ जानेवारी २००२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 'एकही मूल मागे राहू नये' या अर्थाच्या कायद्यावर सही केली. हेतू पुन्हा रास्तच होता. काळ्या आणि गरीब मुलांच्या शाळा वर्षानुवर्षे नापास होत होत्या आणि त्याची कोणाला लाज वाटत नव्हती. प्रत्येक राज्याने दरवर्षी प्रमाणित चाचणी घ्यावी, प्रत्येक शाळेने ठरावीक प्रगती दाखवावी, न दाखवणाऱ्या शाळांवर कारवाई व्हावी, असे ठरले. जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात शाळांच्या प्रमुख होत्या बेव्हर्ली हॉल. १९९९ साली त्या आल्या. त्यांच्या कारकिर्दीत गरीब वस्त्यांतल्या शाळांचे गुण आश्चर्यकारकरीत्या चढत गेले, आणि २००९ साली त्यांना देशातील सर्वोत्कृष्ट शिक्षणाधिकारी हा मान मिळाला. लक्ष्य गाठणाऱ्या शाळांचे शिक्षक वार्षिक मेळाव्यात भव्य स्टेडियमच्या मैदानात पुढे बसत, न गाठणाऱ्यांनी मागच्या पायऱ्यांवर बसायचे. एका शाळेत तर मुलांचे गुण कमी म्हणून मुख्याध्यापकाने एका शिक्षकाला सभेत टेबलाखालून रांगायला लावले, असे चौकशी अहवालात नमूद आहे.

आकड्यांत काहीतरी गडबड आहे हे प्रथम शहरातील एका वृत्तपत्राने दाखवले. मग राज्याने उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी मोजल्या. मूल उत्तर बदलते तेव्हा कधी चुकीचे बरोबर होते, कधी बरोबरचे चूक. पण वर्गच्या वर्ग चुकीचेच खोडून बरोबर करीत सुटला, तर ते खोडरबर मुलाच्या हातातले नव्हे, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ५ जुलै २०११ रोजी विशेष चौकशीचा अहवाल जाहीर झाला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले. १७८ शिक्षक आणि अधिकारी गुंतलेले होते. त्यांत ३८ मुख्याध्यापक. ८२ जणांनी कबुली दिली. कोणी परीक्षा चालू असताना बोट ठेवून उत्तर दाखवले होते, कोणी आवाजातल्या चढउताराने सुचवले होते, कोणी हुशार मुलाशेजारी कच्च्याला बसवले होते. काही शिक्षकांनी तर शनिवार-रविवारी एका घरी एकत्र जमून उत्तरपत्रिका दुरुस्त केल्या होत्या.

२०१३ साली ३५ जणांवर आरोपपत्र आले, तेही संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या, टोळ्यांसाठी असलेल्या कायद्याखाली. १ एप्रिल २०१५ रोजी बारांपैकी अकरा जण दोषी ठरले. तिघा वरिष्ठांना प्रथम सात वर्षांचा कारावास झाला. त्याच महिन्यात न्यायाधीशांनी स्वतःच तो तीन वर्षांवर आणला. बेव्हर्ली हॉल यांनी आरोप अखेरपर्यंत नाकारले. खटला संपण्यापूर्वीच, मार्च २०१५ मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शिक्षिकांना हातकड्या घालून नेतानाची चित्रे जगाने पाहिली. बहुतेक सर्व काळ्या वर्णाच्या. ज्यांनी कायदा रचला, ज्यांनी लक्ष्ये छापली, ज्यांनी पुरस्कार वाटले, त्यांच्यापैकी कोणी त्या चित्रात नव्हते. हे आम्ही दोषी शिक्षकांच्या समर्थनार्थ म्हणत नाही.

समर्थन का करता येत नाही, हे त्याच शहरातील पार्क्स या माध्यमिक शाळेच्या उदाहरणावरून कळते. तेथील गुण इतके फुगवले गेले की ती 'सुधारणेची गरज असलेली शाळा' राहिलीच नाही. आणि म्हणून, चौकशी करणाऱ्यांच्या मते, ती सुमारे साडेसात लाख डॉलरच्या साहाय्याला मुकली. ज्या मुलाला वाचता येत नव्हते त्याच्या कागदावर 'वाचता येते' असे लिहिले गेले, आणि त्याला वाचायला शिकवणारा जादा शिक्षक ज्या पैशातून यायचा तो पैसा गेला. २०१५ साली जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी या मुलांचा पुढचा माग काढला, तेव्हा वाचन आणि भाषा या विषयांत ती मागे पडलेली आढळली.

इथे आम्हांला आपल्या धर्मशिक्षणातली आठवी आज्ञा आठवते. आपण ती खोटे बोलण्याविरुद्धची आज्ञा म्हणून मुलांना शिकवतो. पण तिच्यातला मूळ शब्द साक्षीचा आहे, आणि तीही शेजाऱ्याविरुद्धची. उत्तरपत्रिका ही एका मुलाविषयी दिलेली साक्ष असते. मास्तर तिच्यावर लिहितो तेव्हा तो मुलाच्या बाजूने बोलतो आहे असे त्याला वाटते. ती साक्ष मुलाच्या विरुद्ध जाते, हे कळायला कित्येक वर्षे लागतात आणि तोवर मूल शाळेतून गेलेले असते. या कृत्यात दया असते, हेही खरे. अडलेल्या मुलाजवळ वाकणे हाच तर शिक्षकाचा धर्म. वर्षातले इतर सर्व दिवस त्याने तेच करावे म्हणून आपण त्याला पगार देतो. एका दिवशी मात्र त्याने हात मागे बांधून उभे राहावे, अशी आपली अपेक्षा. ज्या शिक्षकाला ते जड जाते त्याच्याविषयी आम्हांला आदरच वाटतो. पण अटलांटाच्या शाळांत दया थोडी होती आणि भीती फार होती.

महाराष्ट्रात निकालानुसार पगार नाही. तरीही शंभर टक्के निकालाचा फलक शाळेच्या फाटकावर लागतो, त्यावर पुढच्या वर्षीचे प्रवेश ठरतात, प्रवेशांवर तुकडी टिकते आणि तुकडीवर शिक्षकाची नोकरी. 'अतिरिक्त' ठरणे या शब्दाची धास्ती आमच्या शिक्षक वाचकांना आम्ही समजावून सांगायला नको. लोच्या चार शिलिंगांनी इंग्लंडच्या हजेरीपटावर जी मुले जन्माला घातली, त्यांची मराठी भावंडे ३ ते ५ ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत मोठ्या संख्येने सापडली. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ पासून कायदा आहे. कॉपीमुक्त अभियाने अनेकदा झाली, आणि ती बहुधा विद्यार्थ्याचे खिसे तपासण्यापाशी थांबली.

आपल्या धर्मप्रांतांतील शाळांकडे समाज अभिमानाने पाहतो, आणि फलकावरचा आकडा घसरला की धर्मग्रामाच्या सभेत पहिला प्रश्न तोच विचारतो. निकाल ९६ टक्के का, असे फादरांना किंवा मुख्याध्यापिका भगिनींना विचारणारे आपण, नववीत किती मुलांना 'दुसरी शाळा पाहा' असे सांगितले, हे मात्र विचारत नाही. डिपोटी येण्याच्या दिवशी ढ पोरांना गुरे वळायला पाठवण्याचीच ही आजची रीत आहे. तिला कोणत्याही कायद्यात कॉपी म्हणत नाहीत.

२०२५ च्या परीक्षांच्या वेळी राज्य मंडळाने, पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांवर केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांतून आणण्याचे ठरवले. शिक्षकांवर हा अविश्वास आहे, असे म्हणत संघटनांनी आक्षेप घेतले. १५९९ च्या संहितेतील परीक्षकांच्या नियमाची त्या वादात कोणाला आठवण झाल्याचे आमच्या वाचनात नाही. त्या नियमातही 'शक्य असल्यास' ही सवलत होती. येशूसंघाला तेव्हा माणसे कमी पडत असावीत. आज एखाद्या दुर्गम तालुक्यात मार्चच्या उन्हात वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या शाळेतून पर्यवेक्षक एसटीने वेळेवर पोचायचे म्हटले, तर मंडळालाही ते शब्द वापरावे लागतील.